सरांची चार वाक्यं, माझं एक

माझ्या हातून जेवढी चरबी गेली, तेवढं तूप जळगावच्या एखाद्या हलवायाच्या हातून तरी गेलं असेल की नाही, शंका आहे. फरक एवढाच की हलवायाला दुकानावर पाटी लावता येते. मला मात्र लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं, "अक्का, तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करता?" की मी "थिएटरमध्ये सिस्टर आहे" एवढं सांगून वरणाकडे लक्ष वळवायची. खरं सांगितलं असतं तर समोरच्याने वाढप्याला हाताने खूण करून तूप परत पाठवलं असतं. आता निवृत्त झाले आहे आणि वाचताना तुमच्या हातात चकली असली तरी माझा इलाज नाही.

मी मूळची साक्रीची. वडील पंचायत समितीत शिपाई होते आणि आई दर रविवारी विहारात बायकांना जमवून अक्षरं गिरवायला बसवायची. नर्सिंग धुळ्याला केलं, निम्मी नोकरीही तिथेच झाली. शेवटची बारा वर्षं जळगावला एका प्लास्टिक सर्जनकडे काढली. आम्ही त्यांना 'सर' म्हणायचो, इथेही तेच म्हणते. भाजलेले हात, जन्मतः फाटलेले ओठ, मळणीयंत्रात सापडलेली बोटं, असं आमचं रोजचं काम. त्यातच एक काम असं होतं की त्यासाठी बायका पहिल्या दिवशी पदर घट्ट ओढून, खांदा चोरून आत येत. स्तनाच्या कॅन्सरमुळे त्यांची एक बाजू काढून टाकलेली असे. त्या सपाट जागी तिच्याच पोटावरची किंवा मांडीवरची चरबी भरून पुन्हा आकार आणायचा, ते हे काम.

कसं करतात ते साध्या शब्दांत सांगते. बाईला भूल दिली की सर पोटाच्या कातडीखाली एक बारीक पोकळ नळी घालत आणि सिरिंजने हळूहळू चरबी ओढून घेत. ती तशीच वापरता येत नाही. सिरिंज स्टँडमध्ये उभ्या लावून ठेवल्या की थोड्या वेळाने तीन थर पडतात. वर तेल, खाली रक्ताळ पाणी आणि मधे पिवळीधमक चरबी. वरचं टाकायचं, खालचं टाकायचं, मधलं ठेवायचं. हे खातं माझं. मग ती छोट्या सिरिंजमध्ये भरून सरांच्या हातात द्यायची, आणि सर ती छातीच्या कातडीखाली बारीक बारीक रेघा ओढल्यासारखी सोडत जात. एकाच जागी गोळा टाकला तर आतल्या चरबीला रक्त मिळत नाही आणि ती मरते. सर चोपड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. माझा हात जरा घाईने चालला की म्हणत, "सिस्टर, पेरणी चाललीय, खताचा ढीग टाकायचा नाही." पेरलेलं सगळं उगवत नाही हेही तितकंच खरं. काही चरबी दोन-तीन महिन्यांत विरून जाते, म्हणून दोन-तीन खेपा कराव्या लागतात. लहान चणीच्या बाईचं एवढ्यावर भागतं. बाकीच्यांसाठी सिलिकॉन आहे, पाठीचं किंवा पोटाचं मांस वळवून आणायची मोठी ऑपरेशनं आहेत.

पोटावरची चरबी जाणार हे कळलं की रडवेल्या बायकाही जरा खुलायच्या. शिंदखेड्याची एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर आडवी होता होता सरांना अहिराणीत म्हणाली, "बठ्ठी काढी ल्या साहेब. उरनी तं मनी नणंदले भरी द्या, ती निस्ती वाळेल शे." सगळी काढा आणि उरली तर वाळक्या नणंदेला भरा, हे ऐकून भूल देणारे डॉक्टर हसत राहिले आणि आम्हाला पाच मिनिटं थांबावं लागलं.

पण हसणं झालं की एक प्रश्न यायचाच. कधी बाई विचारायची, कधी नवरा, बहुतेक वेळा दारात उभी असलेली सासू. ही चरबी आत घातली तर झोपलेला रोग परत उठणार नाही ना? प्रश्न अडाणी नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो पडला होता. चरबीत काही पेशी अशा असतात की त्या जखम भरायला, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. मग छातीत कुठे कॅन्सरची एखादी पेशी चुकून राहिली असेल तर तिलाही त्या खाऊपिऊ घालतील की काय, अशी शंका प्रयोगशाळेतल्या कामावरून निघाली होती. म्हणून बरीच वर्षं लोक या वाटेला जायला कचरत होते. पुढे ज्या बायकांनी हे करून घेतलं आणि ज्यांनी नाही, अशा दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली, आणि मग डॉक्टरांना थोडा धीर आला. आमचे सर तरीही कॅन्सरच्या डॉक्टरांचं 'उपचार पूर्ण, सध्या रोगाची खूण नाही' असं पत्र हातात पडल्याशिवाय नळीला हात लावत नसत. पत्र आलं तरी मधे बरेच महिने जाऊ देत.

त्या प्रश्नाला सरांचं ठरलेलं उत्तर होतं. चार वाक्यांचं. मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "आजवर ज्या बायकांवर लक्ष ठेवलं गेलं, त्यांच्यात चरबी भरल्यामुळे रोग जास्त परतला असं दिसलेलं नाही. पण दिसलेलं नाही म्हणजे कधी होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं. आणि मधे कुठेही गाठ लागली तर वाट न बघता दुसऱ्या दिवशी यायचं, कारण मेलेल्या चरबीचीही गाठ होते आणि ती कुठली आहे हे नुसत्या बोटाला कळत नाही."

एवढं झालं की समोरची बाई गोंधळून माझ्याकडे बघायची. मी साक्रीची, अहिराणी माझी घरची भाषा. सर म्हणायचे, "सिस्टर, जरा सांगा यांना." मी तिच्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, "काही व्हत नई माय, बिनघोर ऱ्हाय."

बाईचा चेहरा उजळायचा. ती हसत बाहेर पडायची. सरांनी एकदा विचारलं, "सिस्टर, माझी चार वाक्यं आणि तुमचं एकच? बाकीची तीन कुठे गेली?" मी म्हटलं, "सर, अहिराणी काटकसरी आहे." ते हसले, मीही हसले, आणि पुढचा पेशंट आत आला. हा विनोद आम्ही दोघांनी पुढची कितीतरी वर्षं चालवला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

वरणगावच्या नानांना मात्र माझ्या एका वाक्याचा काही उपयोग नव्हता. कारखान्यात आयुष्यभर मालाची तपासणी करून निवृत्त झालेला माणूस. बायकोला घेऊन आले ते हातात एकवीस प्रश्न लिहिलेला कागद घेऊन. शेवटचा प्रश्न होता, "डॉक्टरसाहेब, गॅरंटी किती वर्षांची?"

सर म्हणाले, "नाना, गॅरंटी नाही. सर्व्हिसिंग आहे, दर सहा महिन्यांनी."

"तारखा लिहून द्या," नाना म्हणाले. सरांनी पाच वर्षांच्या तारखा लिहून दिल्या. नानांनी त्या कागदाला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं, आणि त्यांच्या बायकोने, आमच्या शांताअक्कांनी, पाच वर्षांत एकही तारीख चुकवली नाही. एकदा तर भुसावळ रस्ता बंद होता म्हणून दोघं आदल्या दिवशीच येऊन भाच्याकडे राहिले. आम्ही स्टाफरूममध्ये नानांची पुष्कळ नक्कल केली. नक्कल करण्यात मीच पुढे होते, आणि त्यांच्यातलं घेण्यासारखं काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

ते कळलं लताबाईमुळे. पारोळ्याजवळच्या खेड्यातली, पंचेचाळिशीची, बारीक अंगकाठीची बाई. नवरा दोन एकरांवर कापूस लावायचा आणि ही गावातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवायची. चार वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू काढली होती. पहिल्या दिवशी तपासणीच्या पडद्यामागे तिने ब्लाउजच्या आतून एक शिवलेली पिशवी काढून माझ्या हातात दिली. मी दचकले, पिशवी जड होती.

"ज्वारी शे," ती म्हणाली. "कापूस भरा तं हलका पडस, खांदा वाकडा दिसस. म्हनीसन ज्वारी भरी. येक मूठ इकडे, येक मूठ तिकडे, आरसामा दखी दखी वजन जमाडं."

मी विचारलं, पावसाळ्यात काय करतेस? "श्रावणमा भ्याव लागस सिस्टर," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मोड येतीन आसं वाटस." आणि मग आम्ही दोघी पडद्यामागे इतक्या हसलो की सरांनी बाहेरून खाकरून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

हसू ओसरल्यावर तिने जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "मी रोज पराया बायासले टेप लावस. बाही, कंबर, छाती, बठ्ठं लिही लेस. मना सोताना आंगले टेप लावानी मातर चार वरीस हिंमत नई व्हयनी." तिला सुंदर दिसायचं नव्हतं, नवऱ्याचीही काही तक्रार नव्हती. तिला आपलं माप परत हवं होतं. मग तिने तोच प्रश्न विचारला, "तो रोग परत उठी का?" सरांनी चार वाक्यं म्हटली. मी एक म्हटलं.

तिच्या तीन खेपा झाल्या आणि काम असं उतरलं की सर स्वतःवर खूश. त्याहून खूश लताबाई. दर रविवारी अंघोळ झाली की ती स्वतःला टेप लावायची आणि माप गिऱ्हाइकांच्या वहीत लिहायची. डावी इतकी, उजवी इतकी. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'मी'. तिसऱ्या खेपेनंतरच्या तपासणीला तिने ती वही सरांपुढे ठेवली. सर पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "लताबाई, ही वही मला द्या, परिषदेला नेतो." लताबाईने वही ओढून घेतली. "मंग पाटलीनना ब्लाउज कसा शिवू?" त्या पानावर पाटलीणबाईंचंही माप होतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार, हे मी तिला जाताना सांगितलं होतं. त्यानंतर ती आली नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. पेशंट आला नाही म्हणजे बरा आहे, असं दवाखान्यातल्या माणसांना वाटत असतं, कारण तसं वाटणं सोयीचं असतं.

माझ्या निवृत्तीला दीड महिना राहिला होता. मुलीने निरोपसमारंभासाठी साडी घेतली होती आणि ब्लाउज शिवायचा तर लताबाईकडेच, असं मी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी पकडून तिच्या गावी गेले. मशीन ओसरीवर, भिंतीला टांगलेले ब्लाउज, शेजारी वाळत घातलेली मिरची. मला बघून तिचा चेहरा फुलला, आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखा मिटला. तिने चहा केला, मापं घेतली. टेप माझ्या खांद्यावरून फिरवताना ती उजवा हात जरा जपून उचलते आहे, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. अंगावर सैल ब्लाउज होता, आणि शिवणाऱ्या बाईच्या अंगावर सैल ब्लाउज कधी नसतो.

माझं माप लिहायला तिने वही उघडली तेव्हा मी सरळ 'मी' या नावाचं पान काढलं. डावीकडचे आकडे थोडे वाढले होते. उजवीकडचे जास्त. आणि गेल्या तीन महिन्यांची जागा कोरी होती.

"लता, काय झालं?" मी विचारलं.

तिने टेप गळ्यातून काढून गुंडाळला. परत उलगडला. परत गुंडाळला. "गाठ लागी ऱ्हायनी," ती म्हणाली. "पयले हरभराएवढी व्हती. आते बोरएवढी शे."

"आणि तू आली नाहीस? तपासणीला पण आली नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्हीच सांगं व्हतं, काही व्हत नई. मंग काही व्हतच नई तं तपासाले कसाले येवानं? मंग गाठ लागनी. मी म्हनं, आते गऊ तं सिस्टर खोटी पडी. सर तुमले बोलतीन. रिटायर व्हवानी येळ, कसाले."

एवढ्या वर्षांत मी रक्त पाहिलं, हाडं पाहिली, टेबलावर गेलेली माणसं पाहिली. पण त्या ओसरीवर मला शरमेने मेल्यासारखं झालं. ही बाई स्वतःच्या छातीत गाठ घेऊन तीन महिने गप्प बसली, मी खोटी पडू नये म्हणून.

मी म्हटलं, "मशीन झाक. पुढची एसटी किती वाजता आहे?"

दुपारी दोनला आम्ही जळगावला पोचलो. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. दोन ठिकाणी तेल साचलेलं स्पष्ट दिसत होतं, ते निरुपद्रवी. तिसऱ्या जागी मात्र कडक, वेड्यावाकड्या कडांचं काहीतरी होतं. "मेलेली चरबीच असावी," ते म्हणाले, "पण मी नुसतं बघून सांगणार नाही." सुईने तुकडा काढला. रिपोर्टला पाच दिवस. लताबाईला मी माझ्या घरीच ठेवून घेतलं. ती म्हणाली, रिकामी बसू कशी, आणि माझ्या घरातले सगळे जुने ब्लाउज उसवायला घेतले.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. माझं एक वाक्य, त्यातून गळालेली तीन. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाले, "सिस्टर, मला कळत होतं. चार वाक्यांचं एका वाक्यात होत नाही, एवढं अहिराणी न येणाऱ्यालाही कळतं. पण तुमच्या वाक्याने बायका हसत बाहेर जायच्या. मला ते आवडायचं. चूक निम्मी माझी धरा." निम्मी धरली, तरी माझ्या वाट्याला आलेली निम्मी काही कमी नव्हती.

मग सुचलं ते काम केलं. जुनी रजिस्टरं काढली आणि ज्या ज्या बायकांना मी 'काही व्हत नई' सांगितलं होतं, त्यांतल्या कोण तपासणीला येईनाशा झाल्या ते शोधलं. दोन पानांची यादी झाली. पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत फोन लावत बसले. "मी सिस्टर बोलतेय. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं." काही जणी घाबरल्या, काहींनी शेतातून ओरडून 'आवाज येत नाही' सांगितलं, एकीने तिच्या सुनेचीच तक्रार अर्धा तास ऐकवली. पण बहुतेक सगळ्या पुढच्या काही महिन्यांत येऊन गेल्या. एकीला दुसऱ्या, धडधाकट बाजूला नव्याने रोग निघाला. चरबीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण लवकर सापडला म्हणून निभावलं. ती आज ठणठणीत आहे. मी तो फोन केला नसता तर काय, हा विचार मी फार वेळ करत नाही.

मधल्या रविवारी विहारात गेले. लताबाईही सोबत आली, मागे भिंतीला टेकून बसली. वंदना चालू असताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, मी म्हणायची थांबले. खोटं बोलले होते का मी? शब्दाने नाही. पण पूर्णही बोलले नव्हते. घरी येताना लताबाई म्हणाली, "तुमना आवाज चांगला शे, पन मधमाच थांबी गया." मी म्हटलं, खोकला आला होता. म्हणजे विहारातून परतताना खोटंही बोलून झालंच.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. सरांनी लिफाफा माझ्यासमोर फोडला, वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मेलेली चरबी. कॅन्सरची एकही पेशी नाही. मी खुर्चीत बसले आणि रडले, थिएटरच्या कपड्यांत, सगळ्या स्टाफसमोर. लताबाई रडली नाही. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि सरांना विचारलं, "मंग उजवी बाजूनं माप कसं वाढनं? तुम्ही तं सांगं व्हतं, विरी जास."

सरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. वर्षात सात किलो वाढ. "घरात काय कार्य झालं?" त्यांनी विचारलं.

"पोरगीनं लगीन व्हतं ना. मंग पुरणना खापरवरला मांडा, आमरस. जावाई येस तव्हय बी मांडाच."

"लताबाई, ती चरबी पोटावरची आहे," सर म्हणाले. "जागा बदलली तरी तिची सवय जात नाही. तुम्ही खाल्लंत की पोटाबरोबर तीही वाढते."

लताबाईने क्षणभर हिशेब मांडला. "म्हंजे मांडा मी खाधा पोटसाठे, अन गया तठे?" आता सगळा स्टाफ हसत होता, रडता रडता मीही. मात्र सरांनी तिला जाऊ देण्याआधी चारही वाक्यं पुन्हा ऐकवली, आणि ह्या वेळी मी चारही अहिराणीत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. अडखळत.

एसटी स्टँडवर तिला सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, वाईट नका वाटाडू. तुमनं ते वाक्य आखूड बेतेल व्हतं. ब्लाउज कितला बी अंगबरोबर शिवा तरी आत दोन बोट कपडा दाबी ठेवाले जोयजे. आंग बदलस. मंग उसवीसन वाढावता येस." एवढी वर्षं नोकरी करून मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या निरोपसमारंभाच्या ब्लाउजात तिने दोन बोटं कापड आत ठेवलं आहे. निवृत्तीनंतर मी घरी बसून जेवढं खाते आहे, ते बघता लवकरच उसवावं लागेल.

आता नोकरी नाही, पण दर गुरुवारी मी दवाखान्यात जाते. सरांची चार वाक्यं मी बायकांना चारच्या चार सांगते आणि परत म्हणून घेते. लताबाईच्या तपासणीच्या तारखा तिच्या वहीत 'मी' या पानावर लिहिलेल्या आहेत, मापाच्या शेजारी. नानांच्या त्या आवरण घातलेल्या कागदाची नक्कल करणं मी सोडलं. उलट सरांना सांगून तसेच कागद सगळ्यांसाठी करून घेतले.

गेल्या पौषात नानांनी वरणगावच्या वावरात भरीत केलं आणि या सगळ्या बायकांना बोलावलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, शांताअक्का मिरच्या-लसूण ठेचत होत्या, आणि नाना प्रत्येक वांगं हातात घेऊन तपासून मगच जाळावर ठेवत होते. लताबाईने कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणलं होतं आणि ती तिथेच पुऱ्या लाटत होती. सर दोन वेळा वाढून घेऊन सावलीला बसले होते. अमळनेरकडची एक तरुण बाई पहिल्यांदाच आली होती, पुढच्या आठवड्यात तिची पहिली खेप होती. ताटलीतलं भरीत ती नुसतं चिवडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, चरबी भरी तं काही व्हत नई ना?"

ते जुनं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. हातही तिच्या हातावर गेला होता, सवयीने. समोर लताबाईने पुरी लाटायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "माय, आजलगून ज्या बायासवर ध्यान ठेवं, त्यासना रोग चरबीमुळे जास्त परत वना आसं दखायनं नई. पन दखायनं नई म्हंजे कव्हयच व्हनार नई, आसं मी सांगाव नई. म्हनीसन दर सहा महिनाले तपासाले येवानं. अन मधमा गाठ लागनी तं वाट न दखता दुसरा दिन येवानं, कारन मरेल चरबीनी बी गाठ व्हस अन ती कसानी शे ते नुसता बोटले कळत नई; कोन खोटं पडस ते दखानं नई."

शेवटचं सरांच्या वाक्यात नव्हतं, ते मी घातलं.

ती हसली नाही. माझं जुनं वाक्य ऐकून बायका हसायच्या तशी तर नाहीच. तिने सगळं ऐकलं, मान हलवली, भरिताचा पहिला घास घेतला आणि विचारलं, "मंग पयली तपासणी कव्हय शे?"

लताबाईने पिठाचे हात पदराला पुसले आणि तारीख लिहायला पिशवीतून वही काढली.